भरलेली कयाक

आधीच सांगून ठेवतो, चूक माझी नव्हती. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळ वेळा बोललोय आणि दर वेळी पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवलंय. माझ्या बायकोला विचारा. 'तुमचंच बरोबर' हे दोन शब्द लीला अशा काही सुरात म्हणते की जिंकलेल्या माणसाला वाटावं, आपणच हरलो. फक्त एकदा मी काही सिद्ध करायला गेलो नाही. तेवढंच सांगायचंय.

मी भगवान. मूळचा नागपूरचा, सगळी नोकरी इंग्लंडात, ब्रिस्टलला, विमानांच्या पंखांची मापं काढण्यात. रिटायर झाल्यावर लोक बागेत टोमॅटो लावतात, मी फिफ्थ व्हील कॅम्पर घेतला. इथले लोक साधी कॅरव्हॅन ओढतात, गाडीच्या मागच्या हुकाला लावून. फिफ्थ व्हीलचं तसं नाही. त्याचं पुढे आलेलं उंच नाक पिकअपच्या मागच्या हौद्यावर येऊन बसतं आणि हौद्यात बोल्ट केलेल्या जाडजूड कडीत अडकतं. या देशात असली धुडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझा मित्र शशी पहिल्यांदा बघून म्हणाला, "भगवानभाऊ, नाकापेक्षा मोती जड झालाय." मी म्हटलं, हौसेला मोल नसतं. तो म्हणाला, "पार्किंगला असतं."

कॅम्पर घेतला तो देश बघायला, असं मी सगळ्यांना सांगायचो. लीलाला खरं माहीत होतं. आमची एकुलती एक मुलगी तनू स्कॉटलंडला राहते आणि माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या घरी मला बोलावणं नव्हतं. पण स्वतःचं घर चाकांवर घेऊन गेलं, तर तिच्या दाराबाहेर उभं राहायला कुणाची परवानगी लागते?

बोलत का नव्हती? मँचेस्टरला तिची चांगली आयटीची नोकरी होती. ती सोडून ही बया एका लॉखच्या, म्हणजे तिकडच्या तळ्याच्या, काठी गेली, लोकांना कयाक चालवायला शिकवायला. मला हे कळलं ते लंडनला, ईलिंगच्या हॉलमध्ये, भीमजयंतीच्या कार्यक्रमात, दुसऱ्याच कुणाकडून. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं. भर पंगतीत मी तिला म्हणालो, "तुझ्या आजोबांनी उपाशी राहून मला शिकवलं, ते काय तू गोऱ्यांना होड्यांतून फिरवावंस म्हणून?" लोक हसले. ती हसली नाही. ताट तसंच ठेवून उठली. बोललो ते चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही पुरतं वाटत नाही. चार लोकांत बोललो ते चूक. त्यानंतर ती फक्त तिच्या आईला फोन करायची, रोज संध्याकाळी, आणि मी शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचो.

आता गंमत बघा. तिला हा नाद लावला कुणी? मीच. लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात ती घरी येऊन अडकली होती, दिवसभर तोंड पाडून बसायची. मी प्लायवूडच्या कयाकचं किट मागवलं. गॅरेजमध्ये आम्ही दोघांनी फळ्या तांब्याच्या तारेने शिवल्या, वर काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सीची राळ चढवली, सँडपेपर घासून घासून हाताची सालं काढली. मागच्या टोकाला सामान ठेवायचा एक कप्पा केला, त्याला अंडाकृती झाकण. ते झाकण तिने एकटीने बसवलं आणि म्हणाली, "बाबा, तू माप न बघता पास कर ना एकदा." तेव्हा ती मला तू म्हणायची. मी माप बघितलं, बरोबर होतं. पुढे ती मँचेस्टरला गेली, तिथून वर गेली, आणि कयाक राहिली आमच्या गॅरेजच्या छताला टांगलेली.

या मार्चमध्ये एका संध्याकाळी लीलाने फोन माझ्या हातात आणून दिला आणि स्वतः किचनमध्ये पळाली.

"बाबा," तनू म्हणाली, तिच्या इथेच वाढलेल्या मराठीत. "मला माझा कयाक इथे पाहिजे. माझी असेसमेंट आहे, स्वतःच्या बोटमध्ये द्यायची आहे. आई म्हणते तुम्ही कॅम्पर घेऊन येताय."

"येतोय," मी म्हणालो.

"मग आणा. पण नीट आणा. एवढं एकच. नीट आणलात ना, तर... तर घरी या. चहा घेऊ."

मी इंजिनिअर माणूस. मला कुणी साधं 'क्षमा केली' म्हटलं असतं तर मी गडबडलो असतो. हे बरं होतं. एक कयाक, एक अंतर, पोचल्यावर एक कप चहा.

पण कयाक ठेवायची कुठे? हौद्यात कडी. कॅम्परच्या छतावर ठेवावी तर आम्ही दोन म्हातारी माणसं ती एवढ्या उंच चढवणार कशी, आणि पुलाखालून जाताना काय? मागे आडवी लावली तर दोन्ही बाजूंनी लोकांचे आरसे फोडत जाणार. राहिला पिकअपचा टप. कयाक त्या टपाच्या तिपटीने लांब. पुढे सरकवली तर टोक बॉनेटच्या पुढे लोंबतं, मागे सरकवली तर कॅम्परच्या नाकाला लागतं. सरळ रस्त्यावर लागत नाही हो, जागा भरपूर असते. गाडी वळली की नाकाचा कोपरा टपाकडे झुकत येतो, तेव्हा लागतं. मी किचन टेबलवर पुठ्ठ्याचं मॉडेल केलं आणि आठवडाभर ते वळवत बसलो. लीला त्याच्या बाजूने पोळ्या लाटायची.

शेवटी जागा सापडली. अगदी गच्च वळणातसुद्धा कयाकचं शेपूट आणि कॅम्परचं नाक यांच्यात वीतभर अंतर राहत होतं. तिथे मी कयाकवर, टपाच्या कडेशी जुळेल अशी, लाल टेपची खूण केली. दोन पट्टे, पुढे बंपरला एक दोरी. मागे दोरी बांधायला सोय नव्हती, पण गरजही नव्हती, कारण आमची कयाक हलकी, हातांनी केलेली. आदल्या संध्याकाळी शशी आला, आम्ही ती टपावर चढवली, पट्टे आवळले, मी खूण तपासली, मग पुन्हा तपासली. शशी म्हणाला, "भाऊ, विमान सोडताय का?"

आता लीलाची एक सवय सांगायला हवी. ती कुणाचं भांडं रिकामं परत देत नाही. शेजारच्या मार्गारेटने फार वर्षांपूर्वी एका काचेच्या डिशमध्ये ॲपल क्रम्बल दिलं होतं. लीलाने डिश परत केली चिवडा भरून. मार्गारेटला वाटलं हा काही आपल्या गल्लीचा नियम असावा, तिने परत स्कोन भरून दिले. ती डिश आजतागायत ये-जा करतेय, आता ती कुणाची हेच कुणाला आठवत नाही. छोटी तनू डिश पोचवायला जायची तेव्हा आपल्या खिशातली एखादी गोळी त्यात टाकायची. मी हसलो की लीला म्हणायची, "तुमच्या आईंनीच शिकवलंय मला." खरं होतं ते. आमच्या घरात चूल पेटायची मारामार होती, तरी शेजारणीची वाटी परत देताना आई त्यात काहीतरी टाकायचीच. काही नसलं तर तांदळाचे चार दाणे. रिकामं भांडं परत करणं म्हणजे देणाऱ्याला तोडून टाकणं, असं ती म्हणायची.

निघायच्या सकाळी मी अंघोळीला गेलो तेव्हा लीला बाहेर होती. मी आलो तेव्हा ती हात पुसत आत येत होती, गालात हसत. मी म्हटलं, मुलगी भेटणार, हसू दे. मग पिकअप मागे घेऊन कॅम्पर जोडला आणि निघालो.

एम-फाइव्ह, एम-सिक्स, पाऊस, लॉऱ्या. मँचेस्टरची पाटी मागे पडली. त्याच्या पुढे एका सर्व्हिसेसला, हायवेच्या थांब्यावर, मी तपासणी केली. लाल टेप टपाच्या कडेपासून दोन बोटं मागे सरकली होती. पट्टे भिजून सैल झाले असणार. मी दोरी ओढून कयाक पुढे आणायला लागलो, तर ती मला चांगलीच जड गेली. धाप लागली. म्हटलं, भगवानराव, वय झालं तुमचं. पट्टे पुन्हा आवळले. लीला आत बसून थर्मासमधला चहा ओतत होती.

"काय हो, नीट आहे ना?" तिने विचारलं.

"माझं काम आहे ते," मी म्हणालो.

ग्लासगोच्या पुढे रस्ता बारीक होत गेला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला करडं पाणी, आणि ढग इतके खाली की वायपर त्यांनाच पुसतायत असं वाटावं. शेवटचं वळण तनूने फोनवर समजावून सांगितलं होतं. मोठ्या रस्त्यावरून डावीकडे एक गल्ली वर चढते, वळण गच्च आहे, सावकाश घ्या. गल्लीच्या टोकाला तिचं कॉटेज आणि त्याच्या अलीकडे कॅम्पर उभा करायची साइट.

मी वळणाच्या आधी गाडी थांबवली. पावसात उतरून टेप बघितली. थोडी सरकली होती, पुन्हा ओढून घेतली. मग पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालत पुढे जाईल एवढ्या वेगात, वळायला घेतलं. लीला म्हणाली, "हळू घ्या हो." मी म्हणालो, "यापेक्षा हळू म्हणजे उलटं जायला पाहिजे." गाडीचं तोंड चढाला लागलं. डोक्यावर काहीतरी घसरल्याचा आवाज आला, आणि मग मागून पापड मोडावा तसा.

मी उतरून मागे गेलो. कॅम्परच्या नाकाने कयाकचं शेपूट चेचलं होतं. प्लायवूड दुमडून फाटलं होतं, काचेचं कापड लोंबत होतं. तनूने बसवलेलं झाकण उडून गटाराच्या कडेला पडलं होतं. आणि त्या भगदाडातून तांदूळ पडत होते. अहो, तांदूळ! ओल्या काळ्या रस्त्यावर पांढरे शुभ्र, धो धो. मागोमाग ज्वारीच्या पिठाची पिशवी फुटून आली आणि एक बरणी फुटली. त्या थंड हवेत लिंबाच्या लोणच्याचा वास सुटला.

"अगं बाई!" लीला धावत आली. "तनूचा आंबेमोहोर!" ती तशीच गुडघ्यांवर बसली आणि गळ्यातला स्कार्फ पसरून दोन्ही हातांनी तांदूळ भरायला लागली. चिखल, खडी, काही बघेना. "इतकी वर्षं लेकराची वस्तू आपल्याकडे राहिली," ती म्हणत होती, "ती रिकामी कशी पाठवायची हो? मी मुद्दाम सगळं मागच्या कप्प्यात नीट लावलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काढायला लावलं असतंत."

माझ्या डोक्यातलं गणित आपोआप सुटलं. तांदूळ, पीठ, बरण्या, सगळं वजन शेपटाकडे. भिजलेले पट्टे. वर चढ. मागे दोरी नाही. वीतभर अंतर कुठे गेलं ते मला माझ्या नावासारखं स्पष्ट दिसलं. कारण माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून तांदूळ वेचत होतं.

"मी म्हटलं होतं हळू घ्या," ती खाली बघतच म्हणाली, रडत. "तुम्ही माझं ऐकाल तर शपथ. पोरीने एवढं एकच मागितलं होतं तुमच्याकडे."

राग आला का? आला. जिभेवर पूर्ण वाक्य तयार होतं, आकड्यांसकट. असल्या वेळी गप्प बसलेला भगवान कुणी बघितला नसेल. पण ती एकेक दाणा वेचत होती आणि मला दिसत होतं की हे वाक्य मी बोललो तर काय होईल. तनू आईला माफ करेल, हसून सोडून देईल कदाचित. लीला स्वतःला सोडणार नाही. पुन्हा कधी कुणाचं भांडं भरताना तिचा हात थांबेल. माझ्यावरचा तनूचा राग जुना होता, त्यात भर पडली तरी मोठंसं काय होणार होतं? असं मी तेव्हा धरून चाललो. हेही गणितच, आणि हे मी चुकीचं केलं. मोठं होणार होतं.

आवाज ऐकून तनू गल्लीतून धावत खाली आली. रबरी वेलिंग्टन बूट, केस कापलेले, उन्हापावसाने रापलेला चेहरा. दोन वर्षांनी बघत होतो. आधी तिने आईला उठवून मिठी मारली. मग ती कयाकपाशी गेली आणि फाटलेल्या कडेवर तळहात ठेवला. गॅरेजमध्ये घासून झालं की ठेवायची तसाच.

"काय झालं?" तिने मला विचारलं.

"वळण जरा जोरात घेतलं," मी म्हणालो.

"मी सांगितलं होतं ना, सावकाश घ्या?"

"सांगितलं होतंस."

"मग?" तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "मी एकच गोष्ट मागितला होता, बाबा. यू जस्ट डोन्ट लिसन. कधीच नाही. तुम्हाला वाटतं तुम्हालाच सगळं कळतं."

लीला मध्ये पडली, "अगं, मुद्दाम नाही केलं त्यांनी." तनू म्हणाली, "आई, तू भिजलीस, घरात चल." मला म्हणाली, "तुम्ही कॅम्पर साइटवर लावून घ्या." दोघी वर गेल्या. लीलाच्या हातात तांदळाचं गाठोडं होतं. त्या वळणावर पावसात उभा राहून मी लाकडाचे तुकडे गोळा केले. मग साइटवर जाऊन कयाक कशीबशी खाली उतरवली.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास लीला कॅम्परमध्ये आली, ताटलीने झाकलेला कप घेऊन. चेहरा फुललेला. "धुऊन धुऊन भात केला मी. दोन वाट्या खाल्ला तिने. म्हणाली, आई, या जगात तू एकटी माझं ऐकतेस." मग कप पुढे केला. "चहा घ्या. मीच आणलाय, तिला माहीत नाही."

मी कप हातात धरून बसलो.

"अहो, एक सांगू?" ती म्हणाली. "तुमचं काय जातं हो? आयुष्यात एकदा तरी म्हणा, माझं चुकलं. एकदा म्हणून बघा."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

लीलाने खरोखर माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग ती तशीच लगबगीने वर गेली मुलीला सांगायला. आली ती हळू चालत. "म्हणते, आता काय उपयोग," ती म्हणाली. चहा गार झाला होता, तो मी प्यालो.

सकाळी पाऊस थांबला होता. मी तनूच्या दाराशी गेलो, दाराच्या बाहेरच उभा राहिलो. म्हटलं, "मी इथे थांबून दुरुस्त करून देतो. इपॉक्सी मागवतो, नवीन शेपूट शिवू. तू तारा ओढ, मी धरतो."

दाराच्या कडेवरचा तिचा हात खाली आला. वाटलं, हो म्हणेल.

"नको, बाबा," ती म्हणाली. "घेऊन जा परत. असेसमेंटला मी आमच्या सेंटरची बोट घेते. मला तो इथे बघायचा नाही."

तिने एका बाजूने धरली, मी दुसऱ्या, आणि आम्ही कयाक टपावर चढवली. एवढंच काम आम्ही मिळून केलं. शेपूट तुटून कयाक आता चांगली आखूड झाली होती, जागेचा प्रश्नच उरला नव्हता. कसंही वळा. तनूने लीलाला घट्ट धरलं, मला "सांभाळून चालवा" म्हणाली आणि आत गेली. दार लागलं.

मी पट्टे आवळत होतो. लीला खाली उभी राहून वर बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "त्या कप्प्यात हात घालून बघा ना जरा."

"कशाला?"

"काहीतरी ठेवलं असेल तिने. माझी मुलगी आहे ती. रिकामी नाही पाठवायची."

मी लागलेल्या दाराकडे बघितलं. मग हौद्यात चढलो आणि फुटलेल्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला. आत ओल होती, तुटक्या लाकडाची कुसळं होती. पार टोकाला, सांध्याच्या इपॉक्सीला चिकटून, बोटांना काही लागलं. मी ते खरवडून काढलं, खाली उतरलो आणि मूठ तिच्यासमोर उघडली.

"तांदूळ आहेत," मी म्हणालो. "चार दाणे."

लीलाने ते माझ्या तळहातावरून एकेक करून उचलले आणि रुमालाच्या टोकाला बांधले. "बघा," ती म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? तुम्हाला माणसं कळतच नाहीत."

"तुझंच बरोबर," मी म्हणालो आणि गाडी सुरू केली.